बंदिस्त बिबट्याच्या माहितीपटावर गाव का चिडते आणि वृत्तपत्रे भलतेच का छापतात?

नागभीड तालुक्यातील एका तरुण चित्रपटकर्त्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. उपचार केंद्रात कायमचा बंदिस्त झालेल्या एका बिबट्यावर त्यांनी २६ मिनिटांचा माहितीपट केला. नागपूरच्या एका महाविद्यालयात तो दाखवला तेव्हा अनेकांचे डोळे पाणावले. त्याच आठवड्यात, ज्या गावाच्या शिवारातून तो बिबट पकडला गेला होता तिथल्या समाजमंदिरात खेळ झाला, तेव्हा अर्धे लोक शेवटपर्यंत गप्प बसले आणि उरलेल्यांनी "मंग त्याले तुमच्या नागपुरात नेऊन सोडा" असे सुनावले. वृत्तपत्रांत दोन बातम्या आल्या. एकीत उद्घाटकांची, प्रमुख पाहुण्यांची आणि आभार मानणाऱ्यांची नावे होती, तर दुसरीत चित्रपटात कुठेच नसलेला आरोप वनविभागावर ठेवलेला होता. आपला चित्रपट फसला का आणि खेड्यातल्या माणसाला प्राण्यांबद्दल काहीच वाटत नाही का, असे त्यांनी विचारले आहे.

मी सहा वर्षे तालुका वार्ताहर होतो आणि त्यानंतरची २२ वर्षे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि यवतमाळ या जिल्ह्यांत वन्यजीवांवरचे माहितीपट करणे व गावोगावी दाखवणे हेच काम करीत आलो आहे. त्यामुळे पडद्यासमोरची आणि बातमीच्या टेबलावरची अशा दोन्ही बाजू मला जवळून ठाऊक आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते मनात रुतून बसले तर पुढचे काहीच नीट दिसणार नाही. खेड्यातल्या माणसाला प्राण्यांबद्दल वाटते, पुष्कळ वाटते. मात्र आपला चित्रपट त्याच्याशी ज्या जागेवरून बोलला ती जागा चुकली असावी, असा माझा अंदाज आहे.

अंदाज म्हणतो, कारण बरेच काही परिस्थितीवर अवलंबून असते. गावातला शेवटचा हल्ला कधी झाला होता, नुकसानभरपाईची प्रकरणे अडकलेली होती का, खेळाचे निमंत्रण ग्रामपंचायतीने दिले होते की वनविभागाने, समाजमंदिरासमोर त्या दिवशी सरकारी जीप उभी होती का, मोहफुलांचा किंवा तेंदूपानांचा हंगाम तोंडावर होता का, यातल्या एकेका गोष्टीने एकच चित्रपट वेगळा होऊन जातो. एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचायला जाणाऱ्या बाईला पिंजऱ्यातला बिबट जसा दिसतो, तसा तो तिलाच दिवाळीनंतर धान कापून झाल्यावर दिसत नाही. हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. तरीही दोन दशकांत काही गोष्टी मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की त्या सांगायला हरकत नाही.

बंदिस्त प्राण्यांवरच्या चित्रपटांचा विषय निघाला की 'ब्लॅकफिश'चे उदाहरण हमखास दिले जाते, आणि आपणही तेच डोळ्यांसमोर ठेवले होते असे आपल्या प्रश्नावरून दिसते. गॅब्रिएला काउपर्थवेट यांचा हा माहितीपट २०१३ साली आला. २४ फेब्रुवारी २०१० रोजी अमेरिकेतल्या ऑर्लँडो येथे, सीवर्ल्ड कंपनीच्या सागरी प्राण्यांच्या उद्यानात, टिलिकम नावाच्या ओर्का (किलर व्हेल) नराने त्याच्या प्रशिक्षिकेचा जीव घेतला. त्या घटनेपासून मागे जात, १९८३ मध्ये आइसलँडजवळच्या समुद्रात पिल्लू असताना पकडल्या गेलेल्या त्या प्राण्याचे आयुष्य चित्रपट उलगडतो. प्रदर्शनाच्या तोंडावर कंपनीने सुमारे ५० समीक्षकांना चित्रपट कसा चुकीचा आहे याचे पत्र पाठवले, आणि त्या पत्राचीच बातमी झाली. ऑक्टोबर २०१३ मध्ये सीएनएनने तो घराघरांत पोहोचवला. डिसेंबरमध्ये कंपनीने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. २०१३ मध्ये सीवर्ल्डच्या उद्यानांना सुमारे २ कोटी ३४ लाख लोकांनी भेट दिली होती, ती संख्या २०१४ मध्ये सुमारे २ कोटी २४ लाखांवर आली. ऑगस्ट २०१४ मध्ये एका दिवसात कंपनीच्या शेअरचा भाव जवळपास एक तृतीयांशाने कोसळला, आणि मार्च २०१६ मध्ये ओर्कांचे प्रजनन थांबवण्याची घोषणा करावी लागली. चित्रपटाचा धंद्यावर परिणाम होतो आहे हे गुंतवणूकदारांपासून लपवल्याच्या आरोपावरून २०१८ मध्ये कंपनीने आणि तिच्या माजी प्रमुखाने ५० लाख डॉलरहून अधिक रक्कम भरून प्रकरण मिटवले.

इतका परिणाम का झाला, याचे कारण छायाचित्रणात किंवा संगीतात शोधणे मला पटत नाही. तिथला प्रेक्षक गिऱ्हाईक होता. पिंजरा त्याच्या तिकिटावर चालत होता. चित्रपट पाहून अस्वस्थ झालेल्या माणसाला त्या अस्वस्थतेचे काय करायचे हे कोणी समजावून सांगावे लागले नाही. पुढच्या सुट्टीत तिकडे जायचे नाही, एवढेच करायचे होते. आपल्या नागपूरच्या प्रेक्षकाचेही तसेच आहे. तो सफारीला जातो, प्राणिसंग्रहालयाचे तिकीट काढतो, पोराबाळांना घेऊन जातो.

गावचा प्रेक्षक गिऱ्हाईक नाही, तो अर्जदार आहे. हा फरक मला कळायला फार वर्षे लागली. आपल्या भागात बिबट किंवा वाघ पिंजऱ्यात कसा जातो ते आठवून पाहा. बकऱ्या जातात, गोऱ्हे जाते, मग एखादे माणूस जाते. ग्रामसभेचा ठराव होतो, तहसीलदारांना निवेदन दिले जाते, रस्ता अडवला जातो, आमदारांचे पत्र येते. मग वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश निघतो, कॅमेरे लागतात, पिंजरा लागतो, बेशुद्धीचा डार्ट मारला जातो. त्या निवेदनावर समाजमंदिरात बसलेल्या निम्म्या लोकांची सही किंवा अंगठा असतो. अशा माणसाला आपण पिंजऱ्यात गोल गोल फिरणारा बिबट तीन मिनिटे सलग दाखवतो, पाठीमागे सारंगी वाजवतो आणि एक शब्दही बोलत नाही, तेव्हा त्याला ऐकू काय येते? त्याला ऐकू येते की हे तुझ्या अंगठ्याने झाले. मग एक तर तो गप्प बसतो, नाही तर चिडतो. दोन्ही प्रतिसाद खरे आहेत, आणि दोन्हींमागे त्या प्राण्याविषयीची बेपर्वाई नाही.

जपानमधल्या ताइजी गावातील डॉल्फिनच्या शिकारीवरचा माहितीपट जगभर गाजला, २०१० मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. तिथे पकडलेले काही डॉल्फिन जिवंत विकले जातात आणि मत्स्यालयांत जातात, म्हणून तो आपल्याच विषयातला आहे. पण जपानमध्ये निदर्शनांच्या भीतीने काही चित्रपटगृहांनी त्याचे खेळ रद्द केले, आणि ताइजीच्या लोकांनी तो आपल्या गावाचा अपमान मानला. आरोपीच्या पिंजऱ्यात बसवलेला प्रेक्षक दुसऱ्या पिंजऱ्याकडे पाहू शकत नाही.

आता एक प्रसंग जरा सविस्तर सांगतो, कारण माझी पद्धत त्यानंतर बदलली. सिंदेवाहीच्या बाजूच्या एका गावात आम्ही फेब्रुवारीत खेळ ठेवला होता. झाडीपट्टीत तो नाटकांचा हंगाम असतो. रात्री दहाला पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत माणसे मांडवात बसून राहतात, आवडले तर शिट्ट्या देतात, गाणे पुन्हा म्हणायला लावतात. अशा प्रेक्षकाची शांतता ही कंटाळ्याची शांतता नसते; कंटाळला तर तो उठून जातो. आमचा चित्रपट संपला, दिवा लागला आणि कोणीच उठले नाही, कोणी बोलेनाही. सरपंचांनी आभार मानायला माइक हातात घेतला, तेवढ्यात मागच्या रांगेतून, डोक्यावरचा पदर सावरत, साठीच्या पुढची एक बाई उभी राहिली. वर्षभरापूर्वी तिच्या गोठ्यातून तीन बकऱ्या गेल्या होत्या आणि पकडलेला बिबट तोच असावा असे गाव मानत होते. ती म्हणाली, "मले वाटलं होतं, त्याले मारून टाकला असन. गाडीत घालून नेला, मंग कोणी काही सांगतलंच नाही." आणि मग विचारले, "त्याले खायाले रोज देते का?"

आमच्याबरोबर त्या केंद्रात पूर्वी काम केलेले एक गृहस्थ होते. त्यांनी सांगितले की मांस ठरलेल्या वेळी देतात आणि आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवतात, कारण जंगलातही त्याला रोज शिकार मिळत नाही आणि पोट बरे राहते. "म्हणजे उपास धरते तो," असे कोणी तरी म्हणाले आणि बायकांमध्ये हसू पसरले. त्या हसण्यानंतर प्रश्नांना तोंड फुटले. त्याला नख्या ठेवल्या आहेत का, रात्री ओरडतो का, आमच्या गावचा म्हणून त्याची काही ओळख लिहून ठेवली आहे का, त्याला परत का सोडत नाहीत, सोडला तर तो इकडेच येईल का. पाऊण तास आम्ही उत्तरे देत होतो. त्यात एकही वाक्य "प्राण्यांवर दया करा" असे नव्हते.

त्या रात्री मला कळले की गावाला त्या प्राण्याचे पुढे काय झाले हेच ठाऊक नव्हते. गावाच्या लेखी गोष्ट जिथे संपली होती तिथून आमचा चित्रपट सुरू झाला होता, आणि मधला पूल आम्ही बांधलाच नव्हता. माहितीची भूक ही सहानुभूतीच्या आधी येते. ती भागवली नाही तर सहानुभूती मागणे उद्धटपणाचे ठरते, असे मी तेव्हापासून मानतो.

त्याच खेळात सहावीतल्या एका मुलीने विचारले, "मंग आमच्या घरच्या मिठूचं काय?" तिच्या आईने तिचा हात खाली ओढला. आपल्याकडे पडवीत टांगलेला पोपटाचा पिंजरा इतका नेहमीचा असतो की तो पिंजरा वाटतच नाही, आणि देशी पोपट घरी पाळणे कायद्याने गुन्हा आहे हे अनेकांना माहीत नसते. त्या प्रश्नाचे उत्तर देताना मी फार जपून बोललो, कारण कायद्याचा धाक दाखवला तर लोक पिंजरा लपवतात किंवा पंख न चालणारा पक्षी झाडावर सोडून देतात आणि तो दोन दिवसांत मांजराच्या तोंडी जातो. वनरक्षकाशी आधी बोला, एवढेच सांगितले. मात्र आपल्याला हे सांगावेसे वाटते की गावात बंदिवासाबद्दल बोलण्याची खरी जागा तिथे आहे. बिबट्याच्या बाबतीत गावकरी अर्जदार आहे, पोपटाच्या बाबतीत मात्र पिंजऱ्याची कडी त्याच्याच हातात आहे. त्यानंतर मी चित्रपटाच्या आधी पाच मिनिटे पोपटाविषयी बोलतो आणि मगच दिवा घालवतो. वयस्कर माणसे मग अस्वल नाचवायला येणाऱ्या दरवेशाच्या आठवणी सांगतात. १९९८ च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी आली आणि ती मंडळी गावात येईनाशी झाली, हे कारण बहुतेकांना पहिल्यांदाच कळते.

आता वृत्तपत्रांकडे वळतो. आपल्या भागातल्या बातम्यांत एक शब्द ठरलेला आहे: जेरबंद. "नरभक्षक वाघ अखेर जेरबंद", "धुमाकूळ घालणारा बिबट जेरबंद, नागरिकांनी सोडला सुटकेचा निःश्वास". मी स्वतः असे मथळे सुचवले आहेत. मुळात जेरबंद म्हणजे घोड्याने मान वर उसळू नये म्हणून लावायचा पट्टा. आवरून धरण्याची वस्तू. बातमीत मात्र तो शब्द पूर्णविरामासारखा येतो. प्राणी पकडला, गोष्ट संपली. पुढची दहा-बारा वर्षे तो प्राणी कुठे आहे, काय खातो, कुणाच्या देखरेखीखाली आहे, हे विचारायला वार्ताहराकडे ना जागा असते ना निमित्त. पुन्हा निमित्त मिळते ते त्याच्या मृत्यूचे. जानेवारी २०२५ मध्ये नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या वन्यजीव बचाव केंद्रातील तीन वाघ आणि एक बिबट बर्ड फ्लूने दगावल्याचे समोर आले, तेव्हा मानव-वन्यजीव संघर्षामुळे चंद्रपूर जिल्ह्यातून तिथे हलवलेल्या वाघांची आठवण पुन्हा छापून आली.

यवतमाळची अवनी वाघीण आठवा. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातील बोराटीच्या परिसरात ती मारली गेली. परिसरातल्या गावांत फटाके फुटले आणि मुंबई-पुण्यात निषेधाचे मोर्चे निघाले, आणि दोन्हींची छायाचित्रे देशभर छापून आली. डिसेंबरमध्ये तिची मादी बछडी पकडली गेली. पेंचमधल्या कुंपणबंद क्षेत्रात तिला दोन वर्षांहून अधिक काळ ठेवले, शिकारीची सवय लावली, मार्च २०२१ मध्ये जंगलात सोडले, आणि काही दिवसांतच ती मरण पावली. आईच्या मृत्यूवर जितके रकाने भरले त्याच्या एका कोपऱ्याइतकीही जागा त्या दोन वर्षांना मिळाली नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी गोष्ट त्या दोन वर्षांत होती. रोज तेच घडत असेल तर वृत्तपत्राच्या भाषेत काहीच घडलेले नसते, आणि बंदिवास म्हणजे तर रोज तेच घडणे.

म्हणून आपल्या खेळाची बातमी पाहुण्यांच्या नावांनी भरली, याचा राग वार्ताहरावर काढू नये अशी माझी विनंती आहे. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नाममात्र असते, जाहिरातींचे उद्दिष्ट डोक्यावर असते, आणि संध्याकाळी पाच-सहाच्या आत जिल्हा आवृत्तीला मजकूर पाठवायचा असतो. आपला खेळ सातला सुरू झाला असेल तर त्याने चित्रपट पाहण्याआधीच बातमी पाठवलेली होती. त्याच्या हातात आपण दिलेली पत्रिका होती, आणि पत्रिकेत नावेच होती.

दुसऱ्या प्रकारची बातमी जास्त नुकसान करते, आणि ते मी भोगले आहे. माझ्या एका चित्रपटात एक रोजंदारी कामगार सहज म्हणतो की पावसाळ्यात पिंजरा ओला राहतो, वाघ कोरडी जागा शोधत फिरत बसतो. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, माया होती. खेळानंतर एका दैनिकात मथळा आला की वाघाचे हाल, दोषींवर कारवाईची मागणी. मागणी कोणीही केली नव्हती. बातमी पाठवणाऱ्याने तसे लिहिलेही नव्हते. मथळा जिल्ह्याच्या टेबलावर बसलेल्या, चित्रपट न पाहिलेल्या माणसाने दिला होता. पंधरा दिवसांत त्या कामगाराचे तिथले काम सुटले आणि आम्हाला पुढचे १४ महिने चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तो काही बोलला नाही, चहा करायला आत गेला. तेव्हापासून पोटावर पाय येऊ शकेल अशा माणसाचे वाक्य मी त्याला पूर्ण चित्रपट दाखवल्याशिवाय आणि मथळा कसा होऊ शकतो हे समजावून सांगितल्याशिवाय ठेवत नाही. आपल्या चित्रपटातला पिंजरा धुणारा तरुण त्याच जागी उभा आहे, म्हणून हे इतके सांगितले.

बातमीला खलनायक लागतो ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. मार्च २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली 'टायगर किंग' ही मालिका अमेरिकेतल्या खासगी वाघशाळांवर होती. पहिल्या दहा दिवसांत तिथे सुमारे ३ कोटी ४० लाख लोकांनी ती पाहिल्याचा अंदाज निघाला. पण लोकांच्या तोंडी राहिली ती मालकाची केशरचना, त्याची गाणी आणि खून करवण्याचा कट. पिंजऱ्यातले वाघ त्या गोष्टीचा पडदा होऊन बसले. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत वाघ-सिंह खासगी पाळण्यावर आणि त्यांना लोकांच्या हाती खेळवू देण्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला, आणि मालिकेने वातावरण तापवले हे खरे. तरी त्या कायद्याचा पाठपुरावा मालिकेच्या कितीतरी आधीपासून चालू होता. श्रेय देताना तारखा जुळवून पाहाव्यात. भारताने मे २०१३ मध्ये डॉल्फिनचे खेळ करणाऱ्या केंद्रांना मज्जाव केला, त्याचे श्रेयही कधी कधी 'ब्लॅकफिश'ला दिले जाते. तो चित्रपट अमेरिकेतल्या चित्रपटगृहांतच जुलै २०१३ मध्ये लागला. त्या निर्णयामागे इथल्या कार्यकर्त्यांचा पाठपुरावा होता.

प्रेम हादेखील प्रतिसाद असतो आणि तोही सांभाळावा लागतो. तमिळनाडूतल्या थेप्पकाडू छावणीतील हत्तींच्या पिल्लांवरच्या लघुमाहितीपटाला मार्च २०२३ मध्ये ऑस्कर मिळाले आणि त्या पिल्लांना पाहायला छावणीत पर्यटकांची रीघ लागली. आपल्याकडे गडचिरोलीतल्या कमलापूरच्या सरकारी छावणीतील हत्तींवर लोकांचा असाच जीव आहे. २०२२ मध्ये गडचिरोलीतले हत्ती गुजरातेत हलवण्याची बातमी आली तेव्हा ज्यांनी कधी एका निवेदनावर सही केली नव्हती तेही रस्त्यावर आले. "आमचे हत्ती" हा शब्द त्या वेळी सर्वांच्या तोंडी होता. हत्तींनी कुठे राहावे यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात आणि माझेही मत पूर्ण ठरलेले नाही, पण त्या गर्दीकडे पाहून एवढे नक्की कळते की आपल्या माणसांना बंदिस्त प्राण्याबद्दल फार खोलवर वाटते, मात्र तो आपला वाटला पाहिजे. हेमलकशाला आमटे कुटुंबाच्या १९७३ पासून चालू असलेल्या कामात माडिया लोकांनी आणून दिलेली अनाथ पिल्ले वाढली, आणि विदर्भातल्या कितीतरी माणसांच्या मनात बंदिस्त प्राणी म्हटले की तेच चित्र उभे राहते: माणसाच्या अंगणातला प्राणी. आपण दाखवलेला जाळीमागचा बिबट त्या चित्राशी भांडतो. ते भांडण टाळता येणार नाही, पण त्याची जाणीव ठेवून बोलता येते.

आतापर्यंतचे दोन वाक्यांत सांगायचे तर, नागपूरच्या प्रेक्षकाला आपण गिऱ्हाईक मानून भेटलात आणि गावच्या प्रेक्षकाला नकळत आरोपी मानून. आणि वृत्तपत्राला आपण घटना दिली नाही, म्हणून त्यांनी आपापल्या सवयीप्रमाणे एक समारंभ आणि एक आरोप तयार करून घेतला. चित्रपट फसलेला नाही. त्याची मांडणी गावासाठी थोडी बदलावी लागेल.

आपण पाठवलेल्या दुव्यावर मी तो दोनदा पाहिला. गाव पहिल्यांदा अकराव्या मिनिटाला दिसते आणि तेही वरून, ड्रोनमधून. गावच्या खेळासाठी तरी ती बाजू सुरुवातीला आणावी. ज्या घरी हल्ला झाला त्या घरची माणसे त्यांच्या अंगणात, त्यांच्या उंचीवरून दिसू द्यावीत. निवेदन कसे गेले, आदेश कसा निघाला, बिबट गाडीतून कुठे गेला, हे प्रवासासारखे सलग दाखवावे. त्याला परत का सोडता येत नाही, याचे पशुवैद्यकांनी दिलेले उत्तर आपल्या चित्रपटात फक्त वीस सेकंदांचे आहे. गावाला नेमके तेच ऐकायचे आहे. दाताची झालेली मोड, माणसांच्या वासाची गेलेली भीती, दुसऱ्या बिबट्याच्या हद्दीत सोडल्यास होणारी मारामारी हे सगळे त्यांनी बहुधा सांगितले असणार आणि आपण ते कापले असणार. कापलेले परत जोडावे. सारंगी काढून टाकावी. पिंजऱ्यात जो आवाज असतो, कडीचा आणि पंजांचा, तोच पुरेसा आहे.

वार्ताहरांना खेळाच्या आदल्या दुपारी बोलावून चित्रपट दाखवावा आणि एका पानाचे टिपण द्यावे. त्यात पाहुण्यांची नावे शेवटी असावीत. सुरुवातीला त्याच प्राण्याची ताजी स्थिती असावी: पकडल्याला किती दिवस झाले, आता वजन किती आहे, पुढचा निर्णय कोणाच्या हातात आहे. "जेरबंद झालेला तो बिबट आज कसा आहे" ही बातमी होऊ शकते, कारण वाचकाला जुनी बातमी आठवते. वनविभागाचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत त्या पानावर असले तर टेबलावरचा माणूस दुसरी बाजू स्वतः कल्पून लिहीत नाही. केंद्राला टिपण आधी दाखवावे, मंजुरीसाठी नव्हे, चुका निघाव्यात म्हणून.

आणि प्रतिसाद त्याच रात्री मोजू नये. मी तीन आठवड्यांनी पुन्हा गावात जातो, कॅमेरा न घेता. पानठेल्यावर, पिठाच्या गिरणीवर, शाळेच्या व्हरांड्यात काय बोलले जाते ते ऐकतो. सिंदेवाहीकडच्या त्या गावात गेलो तेव्हा ती बाई शेतावर होती. तिच्या नातवाने वहीच्या मागच्या पानावर बिबट्याचे नाव, पकडल्याची तारीख आणि उपाशी ठेवण्याचा वार लिहून ठेवला होता, आणि आजी दर आठवड्याला तो वार विचारते असे त्याने सांगितले. आपल्या गावातही तीन आठवडे होत आले असतील. पुढचा खेळ ठरवण्याआधी एकदा तिथे जाऊन या, आणि "नागपुरात नेऊन सोडा" म्हणणाऱ्या गृहस्थांच्या घरी आधी जा. त्यांच्या गोठ्याचे काय झाले आणि भरपाई मिळाली का, हे त्यांना कोणी विचारले होते का, ते मला नक्की कळवा.